शाहबाजचं वजन

मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा नौशीरजी उकिडवे बसून नीलमोहरच्या पुढच्या पायावरून हात फिरवत होते. सकाळचं पळवणं नुकतंच संपलं होतं. घोडीच्या अंगातून वाफा निघत होत्या. तिची निगा राखणारा मोतद्दार हैबती लगाम धरून उभा होता.

पत्र मलेशियातल्या एका रेस क्लबचं होतं. डिसेंबरात ते परदेशी घोड्यांसाठी एक शर्यत ठेवणार होते आणि आमच्याकडची नीलमोहर त्यांना हवी होती. पत्रात एकच प्रश्न विचारला होता. आपल्या देशातला एकच घोडा आजवर आमच्या मैदानावर नीट मोजला गेला आहे, त्याचं नाव शाहबाज, सन एकोणीसशे एक्कावन्न. तर आपली घोडी त्या शाहबाजपेक्षा किती किलो सरस किंवा कमी आहे, हे कृपया कळवावं.

हे १९७८ सालचं. मी तेव्हा पुण्याच्या रेसकोर्सवर हँडिकॅपरचा मदतनीस होतो. हँडिकॅपर म्हणजे कुठल्या घोड्यानं पाठीवर किती वजन घेऊन पळायचं ते ठरवणारा. चांगल्या घोड्याला जास्त वजन, कच्च्याला कमी. म्हणजे शर्यत बरोबरीची होते. आमचे मुख्य हँडिकॅपर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते, म्हणून पत्राचं उत्तर माझ्या गळ्यात पडलं होतं.

प्रश्न साधा दिसत होता, पण मी तो वाचल्यापासून दुसरं काही सुचत नव्हतं. आमचे घोडे जगात कुठं बसतात, हा वाद रेसकोर्सच्या कॅन्टीनमध्ये रोज चालायचा. कुणी म्हणायचं विलायतेच्या घोड्यापुढं आपले घोडे टांग्याचे. कुणी म्हणायचं रक्त तेच आहे, मग फरक का असावा? पुरावा कुणाकडेच नव्हता. घड्याळ लावून काही कळत नाही. तिकडचं गवत वेगळं, जमीन वेगळी, वळणं वेगळी. दोन देशांची तुलना करायची तर दोन्हीकडं पळालेला एखादा घोडा लागतो. तो शाहबाज.

आणि शाहबाज नौशीरजींचाच होता. म्हणजे मालक दुसरे होते, पण घडवला नौशीरजींनी. नौशीरजी अंकलेसरिया, घोडे तयार करणारे ट्रेनर, तेव्हा सत्तरीला आले होते. पुण्याच्या कॅम्पात जन्मलेला पारशी माणूस, मराठी आमच्याइतकीच सरळ बोलायचे.

पत्र संपलं तरी ते उठले नाहीत. मग म्हणाले, "लिही, बरोबरीची आहे. नीलमोहर म्हणजे शाहबाजच. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही."

"इतकं नक्की?"

"दोघांना मीच घडवलंय. आणखी कोण सांगणार?"

मी विचारलं, शाहबाज तिकडं कसा पळाला होता. ते उठून उभे राहिले, गुडघे झटकले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुण्या-मुंबईत शाहबाजला हरवणारा घोडा नव्हता. मालकानं तो मलायातल्या, म्हणजे आताच्या मलेशियातल्या, एका रबराच्या मळेवाल्याला विकला. तिथं तो वर्षभर पळाला. तिथल्या सर्वांत चांगल्या घोड्यापेक्षा त्याला अकरा किलो कमी वजन द्यावं लागलं, तेव्हा कुठं तो दोन शर्यती जिंकला. त्याही तिसऱ्या वर्गातल्या.

"मला वाटायचं, त्याच्यासारखा घोडा आशियात नाही," ते म्हणाले. "अकरा किलो, वर्तक. मला दिसत होतं ते आणि होतं ते, यात इतकं अंतर."

हैबती घोडीला घेऊन पुढं निघाला होता. तो कधी फारसा बोलायचा नाही.

नौशीरजींबद्दल एक गोष्ट रेसकोर्सवर सगळ्यांना माहीत होती. शिंगरं निवडायला ते जात तेव्हा शिंगराकडं बघतच नसत. कागद मागत. बाप कोण, आई कोण, आजी किती शर्यती जिंकली. पूर्वी, बावन्न सालापर्यंत म्हणे, नुसतं चालणं बघून घोडा ओळखायचे. मला ती माणसाच्या वाढत्या वयाची सावधगिरी वाटायची.

उत्तर लिहायला बसलो आणि हात थांबला. घोडी शाहबाजच्या बरोबरीची असेल तर तिलाही तिकडच्या उत्तम घोड्यापेक्षा अकरा किलो कमी. शर्यतीतल्या सर्वांत चांगल्या घोड्यावर साठ किलो असणार होते, म्हणजे नीलमोहरवर एकोणपन्नास. मैलाच्या शर्यतीत दीड किलो म्हणजे साधारण घोड्याची एक लांबी. ज्या घोडीला मी दर पंधरवड्याला पळताना बघत होतो, ती सात लांब्यांनी मागं पडणारी? मला ते पटेना. पण पटण्याला पुरावा नव्हता. मी त्या क्लबला तार करून शाहबाजचा सगळा जुना तपशील मागवला. खरं तर त्याची गरज नव्हती. केवळ उत्सुकता.

बारा दिवसांनी हवाई टपालानं जाड पाकीट आलं. सोबत विनंती होती की शुक्रवारपर्यंत उत्तराची तार करावी. आत शर्यतींचे निकाल, दिलेली वजनं, आणि एक कागद घोड्याच्या वर्णनाचा. रंग कुमेत, म्हणजे लालसर तपकिरी. कपाळावर चांद. मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा. गळ्याखाली मधोमध एक भोवरा.

भोवरा म्हणजे केसांचं वळण. माणसाच्या डोक्यावर असतं तसं घोड्याच्या अंगावरही असतं, आणि ते जन्मभर बदलत नाही. आमच्याकडं पूर्वी घोडा घेताना लोक भोवरे बघूनच शुभ-अशुभ ठरवायचे. रेसकोर्सवर त्यांचा उपयोग ओळख पटवायला.

मी आमच्या कपाटातलं एक्कावन्न सालचं रजिस्टर काढलं. शाहबाज. कुमेत, कपाळावर चांद, मागचा डावा पाय पांढरा. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक भोवरा. गळ्याखाली काही नाही.

आधी वाटलं, तिकडच्या कारकुनानं चूक केली असेल. पण गळ्याखालचा भोवरा नसताना कुणी लिहील कशाला? मी त्या वर्षीची पानं उलटत गेलो. शाहबाजच्या नंतर चार पानांवर हरकारा नावाचा घोडा होता. त्याच बापाचा. कुमेत, कपाळावर चांद, मागचा डावा पाय पांढरा, गळ्याखाली मधोमध भोवरा. आमच्याकडं तो खालच्या वर्गात पळायचा, शाहबाजपेक्षा नऊ किलो कमी घेऊन. पानाच्या तळाशी शेरा होता: शाहबाजच्या सोबतीला मलायास रवाना. वाटेत जहाजावर मृत.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग पुन्हा शेरा वाचला. जहाजावर घोड्यांबरोबर गेलेल्या मोतद्दाराचं नाव तिथंच लिहिलं होतं. हैबती बाबाजी धुमाळ.

दुपारी पागेत शांतता असते. घोडे चंदी खाऊन उभे असतात, माणसं झोपलेली. हैबती नीलमोहरच्या ठाणाबाहेर गवताच्या गाठोड्यावर बसून कातडी पट्टा शिवत होता. साठीचा, फलटणकडचा माणूस. तीसेक वर्षं तो नौशीरजींकडंच होता, मलायातलं एक वर्ष सोडलं तर. घोडीबरोबर डिसेंबरात विमानानं तोच जाणार होता.

मी त्याच्याजवळ बसलो आणि काय विचारावं हे न सुचून सरळ विचारलं, "हैबतीकाका, शाहबाजच्या गळ्याखाली भोवरा होता का हो?"

त्याची सुई थांबली. त्यानं पट्टा बाजूला ठेवला.

"न्हवता," तो म्हणाला. "मानंला दोन व्हते."

पुढचं त्यानं हळूहळू सांगितलं. जहाज निघाल्यावर आठव्या दिवशी शाहबाजच्या पोटात कळा सुरू झाल्या. खाली घोड्यांच्या जागेत उकाडा असा की माणूस उभा राहीना. घोड्याला फिरवायला जागा नाही, औषध होतं ते संपलं. तीन दिवस हैबती त्याच्यापाशी बसून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. खलाशांनी दोर लावून त्याला समुद्रात सोडलं. बंदरावर खरेदीदाराचा माणूस उतरवून घ्यायला आला. दोन घोड्यांचे कागद, एकच घोडा. त्यानं हरकाराकडं बघितलं, चांद बघितला, पांढरा पाय बघितला, आणि म्हणाला, मालकाला शाहबाज पाहिजे, हा शाहबाज. इंग्रजीत लिहिलेल्या एका कागदावर हैबतीचा अंगठा घेतला. कागदात काय होतं हे त्याला परत आल्यावर कळलं, हरकारा मेल्याची बातमी पुण्यात त्याच्या आधी पोचली होती तेव्हा.

"साहेबांना का नाही सांगितलं?"

"निघताना साहेबांनी घोड्याच्या मानंवर हात ठेवला आन् मला म्हनले, हैबती, ह्याला तुझ्यावर सोपवतो. दुसरं काय बी न्हाई बोलले. आता ह्या मानसाला म्या काय तोंडानं सांगावं, तुमचा घोडा माझ्या मांडीवर मेला?" त्यानं सुई पट्ट्यात खोचली. "परत आल्यावर त्यांनी इचारलं, जीव लावून पळाला का? म्या म्हनलं, पळाला. ते खोटं न्हवतं. जो पळाला त्यो जीव तोडूनच पळाला."

मी त्याला विचारलं, नौशीरजींनी तेव्हापासून शिंगरांकडं बघणं का सोडलं हे तुम्हाला ठाऊक आहे का. तो गोंधळला. त्यानं हे कधी जोडलंच नव्हतं. मग मी त्याला अकरा किलोंचा अर्थ समजावून सांगितला. नौशीरजींना सत्तावीस वर्षं वाटत आलं होतं की शाहबाजला ओळखण्यात त्यांची नजर फसली. इथल्या गावठी शर्यतींत जिंकणाऱ्या घोड्याला आपण डोक्यावर घेतलं, असं. म्हणून ते स्वतःच्या डोळ्यांना विचारायचेच बंद झाले होते.

हैबतीनं पट्टा उचलला, पुन्हा खाली ठेवला. मी म्हणालो की शुक्रवारपर्यंत मला पत्राचं उत्तर द्यायचं आहे, आणि शाहबाज म्हणून जो घोडा मोजला गेला तो हरकारा होता हे माहीत असताना बरोबरीची आहे असं मला लिहिता येणार नाही. पण साहेबांना मी सांगणार नाही. ते तुमचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नौशीरजींचा निरोप आला. मी गेलो तेव्हा ते पागेच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या खोलीत टेबलापाशी बसले होते. हैबती दारात उभा होता, पागोटं हातात. त्याचे डोळे लाल होते. सांगून झालं होतं हे उघड होतं. मी आत आलो तरी दोघांचं बोलणं थांबलं नाही.

"कळा फार होत्या?" नौशीरजींनी विचारलं.

"पैले दोन दिवस. नंतर निपचित पडला."

"डोकं कुठं होतं?"

"माझ्या मांडीवर."

नौशीरजींनी मान हलवली. खिडकीबाहेर कुणीतरी घोड्याला खरारा करत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं आता हे हैबतीला बाहेर काढतील, नाहीतर रडतील. दोन्ही झालं नाही. मग ते माझ्याकडं वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"वर्तक," ते म्हणाले, "म्हणजे तिथं दोन शर्यती जिंकला तो हरकारा?"

"हो."

"आपला हरकारा? जो इथं खालच्या वर्गात चौथा यायचा?"

"तोच."

"तो त्यांच्या तिसऱ्या वर्गात जिंकला." त्यांनी टेबलावरचा कागद पुढं ओढला. "किती वजन? जमीन ओली होती का? कितव्या महिन्यात? सगळं सांग."

पुढचा तासभर आम्ही दोघं त्या कागदावर वाकून होतो. आकडा सोपा होता. हरकारा तिकडच्या उत्तम घोड्यापेक्षा अकरा किलो कमी, आणि शाहबाज हरकारापेक्षा नऊ किलो सरस. म्हणजे शाहबाज तिकडच्या उत्तमापेक्षा फक्त दोन किलो कमी. सत्तावीस वर्षांत तिकडचे घोडे बदलले असणार, हे मी बोलून दाखवलं. पण मोजायला त्यांनी तीच एक फूटपट्टी दिली होती. तिच्याप्रमाणे नीलमोहरच्या पाठीवर अठ्ठावन्न किलो यायला हवे होते. एकोणपन्नास नव्हे.

तेव्हा मला बोलणं भाग होतं. मी म्हणालो, नौशीरजी, हे आपल्या तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. मला जे लिहायचं ते मी लिहीन, पण तुम्ही स्वतंत्रपणे मालकांमार्फत बरोबरीची आहे असं कळवलंत तर ते लोक हँडिकॅपरच्या मदतनिसापेक्षा तुमचं ऐकतील. शाहबाजला घडवणारा माणूस तुम्ही. एकोणपन्नास किलोवर ही घोडी शर्यत चालत जिंकेल. आणि तुमच्या हाताखाली असताना एकही घोडा आजवर देशाबाहेर जिंकलेला नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चालत जिंकेल. बरोबर," ते म्हणाले. "आणि मग मला काय कळणार?"

उत्तराची लांबलचक तार त्यांनीच सांगून माझ्याकडून लिहून घेतली. तुमच्याकडं शाहबाज म्हणून जो घोडा नोंदला गेला तो शाहबाज नव्हता, त्याच्या भोवऱ्याचं वर्णन असं, खऱ्या शाहबाजचं असं. त्यात हैबतीचं नाव त्यांनी येऊ दिलं नाही. बंदरावर गफलत झाली, एवढंच. खरेदीदार वारला होता, त्याचा माणूस कुठं गेला कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी एक ओळ: आमच्या घोडीला अठ्ठावन्न किलो द्यावेत.

मालक एक साखर कारखानदार होते. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा ते पागेत आले आणि सगळ्यांसमोर नौशीरजींना विचारलं की स्वतःच्या घोडीवर वजन मागून घेणारा ट्रेनर त्यांनी जगात कुठं पाहिला आहे. नौशीरजी म्हणाले, मीही पाहिला नाही. मालकांना ते उत्तर उद्धट वाटलं.

डिसेंबरात घोडी गेली. हैबतीनं जायला नकार दिला होता. नौशीरजींनी त्याचं ऐकलं नाही. विमानतळावर मीही होतो. त्यांनी या वेळी घोडीच्या मानेवर हात ठेवला नाही, हैबतीच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "जे होईल ते येऊन सांग. जसं होईल तसं."

शर्यतीच्या दिवशी दुपारी आम्ही ऑफिसात फोनपाशी बसलो होतो. ट्रंक कॉल लागायला दोन तास लागले. नीलमोहर तिसरी आली होती. पण पहिला, दुसरा आणि तिसरी, तिघांमध्ये मिळून अर्ध्या लांबीचं अंतर होतं. निकाल फोटो बघून द्यावा लागला. पहिला आला तो ऑस्ट्रेलियाचा घोडा होता, साठ किलोवर. दुसरा न्यूझीलंडचा.

मी फोन खाली ठेवला. एकोणपन्नासवर ती पाच-सहा लांब्यांनी जिंकली असती, हा हिशेब माझ्या मनात झाला होता आणि त्यांच्याही झाला असणार. मला त्यांच्याकडं बघवेना.

"अर्धी लांबी," ते म्हणाले. "तिघांत मिळून?"

"मिळून."

ते उठले, खिडकीपाशी गेले आणि रिकाम्या मैदानाकडं पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. जवळ गेलो तर हसत होते, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

हैबती परत आला तेव्हा नौशीरजींनी त्याला खोलीत बसवलं, स्टुलावर नाही, खुर्चीत. सकाळी नऊपासून जेवायच्या वेळेपर्यंत त्याला एकच शर्यत सांगायला लावली. सुटताना कुठं होती, वळणावर कान पुढं होते की मागं, शेवटच्या फर्लांगाला जॉकीनं छडी वापरली का. सबंध आयुष्यात बोलला नसेल इतकं हैबती त्या दिवशी बोलला. शेवटी त्यानं आणखी एक सांगितलं. तिथं त्यानं हरकाराची चौकशी केली होती. शर्यती संपल्यावर एका शाळेनं त्याला घेतलं होतं. पंधरा वर्षं तिथली मुलं त्याच्यावर बसायला शिकली. शांत, समजूतदार म्हणून त्याची ख्याती होती.

"आन् नाव शेवटपर्यंत शाहबाजच," हैबती म्हणाला.

"असू दे," नौशीरजी म्हणाले. "त्यानं कमावलं ते."

जानेवारीत मालकांनी नीलमोहर दुसऱ्या ट्रेनरकडं हलवली. तिच्याबरोबर आणखी तीन घोडे गेले. पागेतली निम्मी ठाणं रिकामी झाली. नौशीरजींनी घोडीला निरोप देताना तिला गाजर दिलं आणि नव्या मोतद्दाराला सांगितलं की हिचा डावा पाय थंडीत सकाळी जरा चोळावा लागतो. मला वाईट वाटत होतं, कारण हे सगळं माझ्या एका उत्सुकतेतून सुरू झालं होतं. मी तसं म्हणालोही. त्यांनी ऐकलंच नाही बहुतेक.

त्याच महिन्यात ते शिंगरं बघायला एका फार्मवर गेले. मला बरोबर घेतलं, हैबतीलाही. मॅनेजर नेहमीप्रमाणे कागदांची फाइल घेऊन पुढं आला. नौशीरजींनी ती घेतली आणि न उघडता माझ्या हातात दिली. मग कुंपणाला टेकून उभे राहिले. वीसेक शिंगरं कुरणात फिरत होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बोट केलं.

"हैबती, तो. पाण्याकडं चाललाय तो. त्याचं चालणं बघ."

हैबतीनं बघितलं आणि मान डोलावली. मी फाइल उघडून त्या शिंगराचा कागद शोधला. बाप सामान्य, आई एकही शर्यत न जिंकलेली. मी तसं सांगितलं.

"मी विचारलं का?" नौशीरजी म्हणाले.

ते शिंगरू त्यांनी घेतलं. पुढं तीन वर्षांत तो घोडा एकच शर्यत जिंकला, तीही शेवटच्या वर्गातली, पावसात, समोर पाचच घोडे असताना. रेसकोर्सवर लोक हसायचे. मीही एकदा त्यांना हळूच विचारलं, नौशीरजी, इथं नजर चुकली का?

"अजिबात नाही," ते म्हणाले. "घोडा उत्तम आहे. आळशी आहे, एवढंच."